दोन सीटांची गाडी

आमच्या घरात काहीही विकत घ्यायचं झालं की मला बोलावलं जातं. बोअरची मोटार असो, मामांची म्हैस असो, चुलत बहिणीला सांगून आलेलं स्थळ असो. मी धाराशिवला ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवतो. मोटारीतलं, म्हशीतलं किंवा नवऱ्या मुलातलं मला काहीही कळत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी मी जायचं, वस्तूभोवती एक चक्कर मारायची, एखादा प्रश्न विचारायचा आणि "ठीक वाटतंय" म्हणायचं. मग व्यवहार पुरा होतो. "सरांना दाखवलं का?" ही आमच्याकडची शेवटची पायरी. घरातला पहिला पदवीधर म्हणून हा मान मला मिळाला, आणि सुरुवातीला तो फार आवडायचा. आता चाळिशी ओलांडली. शनिवारी फोन वाजला की आधी खांदे दुखायला लागतात.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका शनिवारी परंड्याहून वहिनीचा फोन आला. मी उत्तरपत्रिका तपासत होतो.

"भावजी, उद्या तामलवाडीला जायचंय तुमाला. तुमच्या भावासंगं गाडी बघायला."

"बरं," मी म्हणालो.

"निस्तं बरं न्हाय. बघायची आन् न्हाय म्हणून यायचं. त्ये दुसऱ्या कुणाचं ऐकत न्हायत. मामा बी येणारेत, पण मामांचं काय, चहा पाजला की त्ये पलटतेत. तुमच्यावर जिम्मेदारी हाय."

"कसली गाडी आहे?"

"जपानी हाय म्हणं. जुनी. दोन दारं आन् दोनच सीटा. घरात माणसं किती, सीटा किती. तुमीच सांगा."

हे एवढं सांगितल्यावर दादाबद्दल सांगणं भाग आहे.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले. त्यानं दहावीनंतर शाळा सोडली, आधी दुसऱ्याच्या आणि मग स्वतःच्या जीपवर बसला, आणि परंडा ते कुर्डुवाडी काळीपिवळी चालवली. माझं होस्टेल, माझी पुस्तकं, बी.एड.ची फी, सगळं त्या रस्त्यावरून आलं. मी हे वर्गात मुलांनाही सांगतो. सांगायला लागलो की मुलं खाली बघतात.

काळीपिवळीत जे बसले आहेत त्यांना तिचा हिशोब माहीत आहे. मागं दोन्ही बाजूंना माणसं, मध्ये टोपल्या, मागच्या पायरीवर लटकलेले तिघं-चौघं, आणि पुढं ड्रायव्हरच्या डाव्या हाताला तीन माणसं. तेवढ्यानं भागलं नाही की ड्रायव्हरच्या उजव्या बाजूलाही एक. म्हणजे ड्रायव्हर मधोमध, अर्ध्या बुडावर, एक मांडी दुसऱ्याच्या मांडीला घासत. गिअर टाकायचा तर कुणाच्या तरी गुडघ्याला "जरा सरका" म्हणावं लागायचं. दादानं वीस वर्षं अशी गाडी चालवली. स्वतःच्याच गाडीच्या सीटवर तो कधी पूर्ण बसलेला मी पाहिला नाही. मी होस्टेलवरून सुट्टीला यायचो तेव्हा कुर्डुवाडीच्या स्टँडवर माझ्यासाठी पुढची जागा धरलेली असायची. ती जागा म्हणजे त्याच्याच सीटचा उरलेला तुकडा, हे मला बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं.

पुढं घरोघरी मोटारसायकली आल्या, रस्त्यावर हात दाखवणारी माणसं कमी झाली. दादानं जीप विकली आणि इंग्रजी शाळेची व्हॅन चालवायला लागला. जीपचे पैसे त्यानं वेगळे ठेवले होते. घरच्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की त्यात एक जुनी सात सीटर येणार. आईला दवाखान्यात न्यायला, दोन्ही लेकरांना घेऊन देवाला जायला, लग्नसराईत भाड्यानं सोडायला. हे दादाला कुणी विचारलं नव्हतं. त्यानंही नाही म्हटलं नव्हतं. आमच्या घरात नाही म्हणायची सवय कुणालाच नाही.

रविवारी सकाळी दादा आणि मामा परंड्याहून एसटीनं धाराशिवला आले, तिथं मी त्यांच्यात सामील झालो, आणि आम्ही सोलापूरच्या गाडीत बसलो. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. त्यांची हयात जनावरांच्या बाजारात गेली. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं. बैल घ्यायचा तर पंचक्रोशीतली माणसं त्यांना घेऊन जातात. मोटारगाडीला त्यांना का आणलं, असं मी दादाला हळूच विचारलं.

"म्या कुठं आणलंय? त्ये स्टँडवर आधीच येऊन बसले होते."

मामांनी ऐकलं. "अरे, घेणारा तू, शिकलेला ह्यो. मग पारखायला कुणी नको व्हय?"

दादा खिडकीतून बाहेर बघत राहिला. त्याला ही गाडी कुठं सापडली ते त्यानं तुळजापूर मागं पडल्यावर सांगितलं. एका लग्नाचं वऱ्हाड घेऊन तो जीपसह तामलवाडीला गेला होता. वऱ्हाड जेवत असताना तो सावली शोधत एका द्राक्षबागेच्या शेडपाशी गेला. तिथं रिकाम्या क्रेटच्या मागं ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं होतं. त्यानं कोपरा उचलून बघितला आणि परत झाकला.

"मग?"

"मग काय. जेवलो, आलो."

"कधीची गोष्ट ही?"

"लई दिस झाले. जीप होती तवाची. आता विकायचीय म्हणून कळलं."

म्हणजे हा माणूस काही वर्षं ती गाडी डोक्यात घेऊन फिरत होता, आणि आम्हा कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

बागेचे मालक उतारवयातले गृहस्थ होते. कपाळाला भस्म, अंगात बंडी. सगळे त्यांना आप्पा म्हणत. घरात बायकोशी कानडी बोलत, आमच्याशी मराठी. त्यांनी हकीकत सांगितली ती अशी : त्यांचे धाकटे भाऊ सिंगापूरला गोदीत इंजिनिअर होते. नव्वदच्या दशकात कायमचे परत आले तेव्हा स्वतःची वापरातली गाडी बोटीनं घेऊन आले. पुण्यात बरीच वर्षं चालवली. ते वारल्यावर गाडी इथं आणून ठेवली. कागदपत्रं आप्पांनी वेळच्या वेळी चालू ठेवली होती, भावाची वस्तू म्हणून. पण आता डोळ्यांसमोर नको वाटते, म्हणाले.

शेडमधल्या माणसांनी ताडपत्री ओढली. गडद निळी, बुटकी, लांबट नाकाची गाडी. मी पुस्तकात सुद्धा असली गाडी कधी नीट बघितली नव्हती. छप्पर माझ्या छातीच्या खाली. मामांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि कामाला लागले. आधी लांबून बघितलं. मग मागं जाऊन उकिडवे बसले.

"मागून बघितल्याबिगर चाल कळत न्हाय," ते मला म्हणाले. मग वाकून खाली डोकावले. "पोट लई खाली हाय हिचं. आपल्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर घासतंय बघ." चाकाच्या वरच्या कडेला गंज होता, तिथं त्यांनी नख फिरवलं. "हितं भोवरा हाय."

"मामा, तो गंज आहे," मी म्हणालो.

"जनावराच्या केसातल्या खोडीला आमी भोवरा म्हणतो, तुमी गंज म्हणा. खोड ती खोडच." मग ते पुढं आले आणि चक्रावले. "आन् हिचे डोळे कुठायत?"

पुढं दिवे दिसतच नव्हते. आप्पा हसले. त्यांच्या माणसानं ट्रॅक्टरची बॅटरी आणून लावली, आत हात घालून एक बटण दाबलं, आणि बॉनेटमधून उजवा दिवा वर आला. डावा जागचा हलला नाही. आप्पांनी त्यावर दोन बोटांनी टकटक केलं, तेव्हा तोही करकरत उघडला.

"डुलकी लागली होती व्हय हिला," मामा म्हणाले. मग दाराशी वाकून आत बघितलं. "मागं काय हाय?"

"मागं काही नाही. दोनच सीटा."

"मग शेळी कुठं बसायची?"

आप्पांनी पोट धरून हसून घेतलं. या सगळ्यात दादा क्रेटला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. त्याच्याकडं बघून मला माझ्या कॉलेजातली मुलं आठवली, निकालाच्या दिवशी फळ्यापासून लांब उभी राहणारी.

आप्पांनी किल्ली त्याच्या हातात दिली. "चालवून बघा. भावाला घेऊन जा."

दार उघडून आत बसायचं म्हणजे बसणं नव्हतं, उतरणं होतं. मी गुडघे छातीशी घेऊन कसाबसा आत गेलो. दादा मात्र सहज शिरला. त्यानं सीट मागं घेतली. पाठ टेकवली. मग थोडं उजवीकडं सरकला, मग डावीकडं, जणू आपल्याला किती जागा मिळाली आहे ते तपासत होता. सीट त्याच्या दोन्ही बाजूंनी वर उचललेली होती. तिच्यात एकच माणूस मावत होता.

इंजिन चालू व्हायला तीनदा खोकलं. मग चालू झालं आणि गाडी बागेच्या कच्च्या रस्त्यानं हळूहळू, दगडांना टाळत महामार्गाला लागली. दादानं पहिला गिअर टाकला. दुसरा टाकायला त्याचा डावा हात खाली आला आणि दांड्यावर न पडता तसाच क्षणभर हवेत थांबला. मी माझा गुडघा बाजूला घेतला. माझा गुडघा दांड्यापासून बराच लांब होता. आम्ही दोघांनीही ते बघितलं. दादा हसला, पण आवाज न करता. मग त्यानं गिअर टाकला.

सोलापूरच्या दिशेनं रस्ता मोकळा होता. गाडी वेगात गेली असं मी म्हणणार नाही, कारण दादानं ती पळवली नाही. तो फक्त चालवत होता. बाजूनं ट्रक जात होते आणि त्यांची चाकं माझ्या डोळ्यांच्या पातळीवर होती.

"तुला काय सांगायला पाठवलंय त्ये ठाव हाय मला," तो म्हणाला.

"मग?"

"मग सांग की."

मी वहिनीचं सगळं सांगितलं. आईचे गुडघे, लेकरांची शाळा, लग्नसराईतलं भाडं. हिचे सुटे भाग कुठं मिळणार, बिघडली तर धाराशिवातला कोणता मिस्त्री हात लावणार, हे माझ्या पदरचं घातलं. वर्गात एखादा धडा संपवावा तसं बोलत गेलो.

"खरं हाय," दादा म्हणाला. "सगळं खरं हाय."

रस्त्याच्या कडेला एक बाई आणि एक म्हातारा उभे होते. आमची गाडी येताना बघून म्हाताऱ्यानं सवयीनं हात वर केला, आणि गाडी जवळ आल्यावर अर्ध्यातच खाली घेतला. दादाचा पाय ब्रेकवर गेला होता. मला ते गाडीच्या झोकावरून कळलं. त्यानं पाय काढला आणि आम्ही पुढं गेलो.

"बघितलंस?" तो म्हणाला. "सात सीटर घेतली की आठवा हात दाखवतोच. आन् मला थांबावंच लागतं. कुणाचं लेकरू आजारी असतं, कुणाची शेवटची एसटी गेलेली असते. म्या न्हाय म्हणू शकत न्हाय रे. मला त्ये जमतच न्हाय. शाळेच्या व्हॅनीत बी तसंच. ह्याच्या मावशीला घ्या, त्येच्या आज्जीला सोडा. हिच्यात जागाच न्हाय. हात दाखवणाऱ्याला बी लांबून दिसतं. मला तोंडानं न्हाय म्हणावं लागत न्हाय."

त्यानं गिअर बदलला.

"रोजची नको मला ही. रविवारी घटकाभर. बार्शीच्या रस्त्यानं जायचं आन् यायचं. बास." मग म्हणाला, "तू न्हाय म्हणलास तर घेत न्हाय. तुझं घरात कुणी मोडत न्हाय, मी बी मोडणार न्हाय. आन् राग बी धरणार न्हाय."

त्यानं गाडी वळवली. मला आठवतं, परतीच्या त्या रस्त्यावर मला विलक्षण थकवा आला. मला नाही म्हणायला पाठवलं होतं, आणि मीही आयुष्यात कुणाला नाही म्हणालेलो नव्हतो. निवडणुकीची ड्युटी, संस्थेच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन, कुणाच्या पुतण्याचा प्रवेश, कुणाच्या मेहुण्याची बदली. एम.ए. झालेल्या माणसाला नाही म्हणायची एकच संधी आली होती, आणि ती दादाला म्हणायची होती.

शेडपाशी आलो तेव्हा आप्पांनी खुर्च्या मांडल्या होत्या, चहा झाला होता. मामांनी दुसरा कप घेतलेला दिसत होता.

"बोला सर," मामा म्हणाले. चेष्टेत असले की ते मला सर म्हणतात. "म्या जनावर म्हणून बघितलं तर पसंत न्हाय. बसकी हाय, पोट खाली, एक डोळा आळशी. पण तुमी शिकलेली माणसं. तुमचं काय म्हणणं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. दादा सोडून. तो गाडीचं दार लावत होता, हळू, आवाज होऊ न देता.

"मला गाडीतलं काही कळत नाही," मी म्हणालो.

"त्ये ठाव हाय, पुढं बोला."

"ही घरच्या उपयोगाची नाही. सुटे भाग मिळायचे नाहीत. वहिनीनं मला नको म्हणायला पाठवलंय." एवढं बोलून मी थांबलो. "पण दादानं आजपर्यंत स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. त्याला ती पाहिजे. माझं हो आहे."

मामांनी कप खाली ठेवला, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि आप्पांच्या समोर बसले. मला आधी कळेना. त्यांनी आपला उजवा हात पुढं केला आणि त्यावर उपरणं पसरलं. बैलाच्या बाजारात सौदा असाच होतो. आकडा तोंडानं बोलायचा नाही, कापडाखाली एकमेकांची बोटं धरून सांगायचा. मला वाटलं आप्पा हसतील. पण आप्पा व्यापारी घरातले. त्यांनी बंडीची बाही सावरली आणि गंभीरपणे आपला हात उपरण्याखाली घातला.

जपानमध्ये बनलेल्या, सिंगापूरहून बोटीनं आलेल्या गाडीचा सौदा तामलवाडीच्या द्राक्षाच्या शेडमध्ये दोन म्हाताऱ्यांच्या बोटांनी झाला. कापड हलत होतं. मामा मान नकारार्थी हलवत, आप्पा डोळे मिटून घेत. एकदा आप्पांनी हात काढून घेतला आणि शेडला लागून असलेल्या घराकडं बघून बायकोला कानडीत काहीतरी म्हटलं. तिनं आतूनच एक शब्द उत्तर दिलं. हात परत गेला. मग मामांनी वळून दादाचा हात कापडाखाली ओढला आणि आकडा त्याच्या तळव्यावर सांगितला. दादानं मान हलवली. किंमत मला आजही माहीत नाही. दादानं सांगितली नाही, मीही विचारली नाही.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. पहिला प्रश्न तोच. "कितीला घेतली?"

"माहीत नाही, वहिनी."

"तुमी होता न्हवं तिथं?"

"होतो. पण उपरण्याखाली झालं."

"तुमाला कशाला पाठवलं होतं मग?" असं म्हणून तिनं फोन ठेवला. रागावली असती तर बरं वाटलं असतं. आवाजात राग नव्हता. दमलेली बाई भांडी घासताना बोलते तसा आवाज होता.

आमच्याकडं नवी गाडी घेतली की ती आधी तुळजापूरला न्यायची, सगळ्या घरानं मिळून. ही रीत मोडायचं कुणाच्या मनातही आलं नाही, म्हणून मीही परंड्याला गेलो. सीटा दोन, हा प्रश्न मात्र सुटेना. शेवटी ठरलं की दादाबरोबर आई बसेल. वहिनीनं आपली जागा मागितली नाही. "मी एसटीनं येते," एवढंच म्हणाली. लेकरं मामांसोबत घरी राहिली. मग मीही एसटीनं निघालो, कारण तिनं एकटीनं एसटीनं जावं हे मला बरं दिसेना.

आईला त्या गाडीत घालायला आम्हा तिघांना हात लावावा लागला. बसल्यावर तिचं डोकं खिडकीच्या काचेपर्यंत जेमतेम पोचत होतं. "अगं बया, जमिनीवरच बसलेय की मी," ती म्हणाली, आणि गाडी गल्लीतला स्पीडब्रेकर खरवडत निघून गेली.

एसटीत गर्दी होती. आम्हाला मागं जागा मिळाली, आणि मध्येच एक आजीबाई आल्या तेव्हा वहिनीनं सवयीनं सरकून त्यांना आपल्या सीटवर टेकवून घेतलं. स्वतः अर्धी बाहेर. बार्शी सुटल्यावर तिनं एकदम विचारलं, "त्येनी तुमाला काय सांगितलं, भावजी? हो म्हणलात म्हंजे कायतरी सांगितलं आसंल."

मी सांगितलं. हात दाखवणाऱ्या म्हाताऱ्याचं, ब्रेकचं, जागाच नाही त्याचं. शक्य तितकं त्याच्याच शब्दांत. मला वाटलं होतं, ऐकून ती विरघळेल. कदाचित डोळ्यांत पाणी येईल.

वहिनी समोरच्या सीटच्या दांड्याला धरून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "बरोबर हाय त्येंचं. वीस वर्षं लोकं वाहिली. बेजार झाले." मग थोड्या वेळानं, "पण भावजी, गाडी घरी आली की ती लोकं उतरून जात होती. त्येंची. माझी कुठं उतरतेत?"

आजीबाईंसाठी ती आणखी थोडी सरकली.

"घरात खोल्या तीन. सासूबाईंची खाट एका खोलीत, लेकरांचा अभ्यास दुसऱ्या खोलीत. सैपाकघरात मी बसले तर कुणी ना कुणी पाणी मागायला येतंच. मला बी वाटतं एखाद्या वक्ताला, दार लावून बसावं. काय करायचं नसतंय. निस्तं बसायचं." तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "म्या सात सीटर का मागत होते ठाव हाय का? तिच्यात सगळे बसून गेले आस्ते, आन् मी घरी राहिले आस्ते."

आजीबाई ऐकत होत्या. त्यांनी वहिनीच्या गुडघ्यावर हात ठेवला. तुळजापूर येईपर्यंत तो हात तिथंच होता.

देवळात दर्शन झालं. गाडीला हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. आई गाडीत बसून दमली होती, म्हणून परतताना तिनं एसटी मागितली. दादानं वहिनीकडं बघितलं. ती म्हणाली, "सासूबाईंना सांभाळायला मी लागंन." आणि मला गाडीत बसवलं. वाटेत मी दादाला एसटीतलं बोलणं सांगितलं. सांगावं की नाही याचा विचार मी बार्शीपर्यंत केला, मग सांगितलं. त्यानं ऐकलं, आणि परंडा येईस्तोवर गाडी आणखी हळू चालवली.

त्यानंतर मी महिनाभर परंड्याला गेलो नाही. परीक्षा, पेपर, पर्यवेक्षण. दादाचा फोन येई, गाडीबद्दल मी विचारलं तर तो म्हणे, "हाय, बरी हाय." एकदा म्हणाला की डावा दिवा पुरता अडकला, मामा फेरी मारून गेले आणि म्हणाले, झोपू दे तिला. रविवारी सकाळी बार्शीच्या रस्त्यानं जाऊन येतो, हेही सांगितलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी मी न कळवता गेलो. गाडी अंगणात लिंबाच्या सावलीत उभी होती. दादा ओसरीवर बसून सुपात ज्वारी निवडत होता. मी त्याला ज्वारी निवडताना कधी बघितलं नव्हतं. मी काही विचारायच्या आत त्यानं बोट ओठांवर ठेवलं आणि गाडीकडं मान केली.

चालकाच्या सीटवर वहिनी बसली होती. काचा वर, दार बंद. पदर मागं टाकलेला, दोन्ही हात मांडीवर, पाठ पूर्ण टेकलेली. झोपलेली नव्हती. डोळे उघडे होते आणि ती समोरच्या भिंतीकडं बघत होती. भिंतीवर गोवऱ्या थापलेल्या होत्या, दुसरं काही नव्हतं.

"चालवायला शिकतेय का?" मी हळू आवाजात विचारलं.

"न्हाय," दादा म्हणाला. "किल्ली माझ्यापाशीच हाय."

मी त्याच्या शेजारी बसलो. लेकरं कुठंतरी खेळायला गेली होती. गल्लीतून एक शेजारीण आली, गाडीत वहिनीला बघून थबकली, काचेवर टकटक करायला हात उचलला. दादानं बसल्या जागेवरून सांगितलं, "नंतर या. आता जमायचं न्हाय."

त्याच्या तोंडून असं वाक्य मी प्रथम ऐकत होतो. शेजारीण आमच्याकडं आणि गाडीकडं आळीपाळीनं बघत निघून गेली.

थोड्या वेळानं आतून आईची हाक आली. "अगं, दूध वर आलं बघ गं."

गाडीच्या काचा वर होत्या. वहिनीला ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं असेल. ती हलली नाही. दादानं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठला आणि दुधाकडं गेला.